सहा हजार सातशे वीस गाढवं

जर्मनी शरण गेला त्या आठवड्यात आमच्या लोखंडे घराण्यात एका माशावरून उभी फूट पडली. बाहेर जगाची नव्यानं मांडणी चालली होती. वाळवा-तासगावच्या वाटांवर पत्री सरकारची माणसं इंग्रजांच्या कचेऱ्यांना दिवसाढवळ्या धाक घालत होती. आणि आम्ही सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरात बसून बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशाच्या घशाचा घेर किती असेल, यावरून एकमेकांशी बोलणं टाकत होतो. आमच्या घराण्याच्या वाट्याला मोठे प्रसंग आलेच नाहीत असं नाही. ते आले तेव्हा आम्ही नेमके दुसऱ्या कामात होतो, एवढंच.

झालं होतं ते असं. माझा चुलतभाऊ शांतवन पुण्याहून धर्मशिक्षण पुरं करून आला होता. सांगलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, थकले होते आणि त्यांच्या जागी शांतवनला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मागच्या रविवारी त्याला नमुन्याचा उपदेश करायला उभा केला. या शहाण्यानं विषय काढला योनाचा.

"योना माशाच्या पोटात खरंच तीन दिवस होता, की हा देवानं सांगितलेला दृष्टांत आहे, यावर अडून बसू नका," तो म्हणाला. "देवानं शत्रूवर दया केली म्हणून योना रुसून बसला. आपणही असेच रुसतो का, ते बघा."

रुसण्याबद्दल कुणी काही ऐकलं नाही. 'दृष्टांत' एवढा एक शब्द सगळ्यांनी ऐकला आणि अर्धं देऊळ रुसून बसलं. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो आणि देवळातलं भांडण घरी आणण्याची रीत आमच्यातही आहे.

मंडळीचा कारभार पाच वडील बघत. 'वडील' म्हणजे लोकांनी निवडलेले जबाबदार पुरुष. त्यांतले आप्पासो लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांनी त्याच दुपारी मंडळीची लाल पुठ्ठ्याची नियमपुस्तिका काढून एका कलमावर खूण केली. पाळकपदाच्या उमेदवाराला सगळ्यांसमोर विचारायचं, 'पवित्र शास्त्रातले अक्षर न् अक्षर चुकीरहित आहे असे तू मानतोस काय?' त्याचं उत्तर ऐकून वडिलांनी हात वर करून निकाल द्यायचा. आप्पासो आणि गुंडाबा गवंडी शांतवनच्या विरोधात होते. नानासो कंपाउंडर आणि मानसिंग हवालदार बाजूनं होते. पाचवे आणि सगळ्यांत थोरले वडील म्हणजे माझे आजोबा, नाथाजी लोखंडे.

आता पाचवं मत आजोबांचंच म्हटल्यावर नातू पास झालाच, असं कुणालाही वाटेल. पण आजोबा म्हणजे शास्त्राच्या निर्दोषपणाचे सांगलीतले मुखत्यार. मिशनच्या बागेत माळीकाम करता करता अध्यायच्या अध्याय पाठ म्हणत. नोहाच्या तारवात हत्ती मावला नसता, असं एकदा कुणी म्हणालं, तर त्या माणसाला त्यांनी सात वर्षं बागेतलं कढीपत्त्याचं पान दिलं नाही. अशा माणसाच्या नातवानं मासा संशयात घेतला होता. उपदेश संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरगं पुन्याला धाडलं, त्ये चुकलं."

शनिवारी आम्ही साताऱ्याहून आलो: माझे वडील हंबीरराव, आई शालूबाई आणि मी. वडील साताऱ्यात हेडमास्तर. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी फळा शोधत.

"एक शब्द रे शांतवन!" आईनं पाय धुतानाच सुरुवात केली. "'होय' म्हणायचं नि मोकळं व्हायचं. त्यात तुझी जीभ झिजती का?"

"काकू, उद्या मी लोकांची लग्नं लावणार," शांतवन म्हणाला. "तोच शब्द त्यांच्याकडून घेणार. माझाच पहिला 'होय' खोटा असला, तर पुढं कुणाचा खरा मानू?"

"लग्नातलं 'होय' कोण एवढं तपासतं? मी यांना म्हणाले तेव्हा मला काय ठाऊक होतं?"

"प्रश्न तो नाहीच," वडील खाकरून म्हणाले. "शास्त्र चुकीरहित आहे, शांतवन, तिथं तू साफ चुकतोस. पण तुला हे विचारण्याचा अधिकार या पाच माणसांना दिला कुणी? आमच्या साताऱ्याकडच्या मंडळ्यांत असले वडीलबिडील नाहीत. सगळी मंडळी मिळून ठरवते. माणूस आणि देवाचं वचन यांच्यामध्ये तिसरा कुणी नको."

"घरात तुम्हीच असता की मध्ये," आई म्हणाली.

"शास्तरानंच दिलाय अधिकार," आजोबा उसळले. "वडील नेमा, असं प्रेषित पौलानं लिवलंय."

"लिहिलंय. पण लाल पुठ्ठ्याची पुस्तिका पौलानं लिहिलेली नाही, बाबा."

"मग काय, ज्यानं त्यानं आपल्या मनानं अर्थ लावायचा व्हय? हे पोरगं लावतंय तसा?"

"तुम्ही दोघं एका बाजूला आहात की वेगवेगळ्या?" शांतवननं विचारलं आणि दोघांनीही त्याच्याकडे रागानं बघितलं.

दुपारपर्यंत हिशेब असा झाला होता. माशाच्या बाबतीत वडील आणि आजोबा एकीकडे, शांतवन दुसरीकडे. मंडळीच्या पाच वडिलांच्या अधिकाराच्या बाबतीत माझे वडील आणि शांतवन एकीकडे, आजोबा दुसरीकडे. आई सगळ्यांच्या विरोधात. मी पुण्याला एक वर्ष कॉलेजात काढलं होतं, म्हणून मलाही मत असणं भाग होतं. मी म्हणाले, "मुळात हिब्रू भाषेत काय आहे ते बघायला हवं." घरात कुणालाच हिब्रू येत नव्हती, मला तर मुळीच नाही. जेवायला बसताना कुणी कुणाशेजारी बसायचं तेच कळेना.

या सगळ्यात एक माणूस काहीच बोलत नव्हतं. ते म्हणजे शांतवनची आई, माझी राहीकाकू. थोरले काका प्लेगात गेले तेव्हा शांतवन पाच-सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ती बायबलबाई म्हणून बुधगाव-कवलापूरच्या बाजूला पायी फिरत होती. बायकांना गोष्टी वाचून दाखवायच्या, आजाऱ्यांपाशी बसायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. त्या दुपारी भाकरी थापताना तिच्या मनात मासा नव्हता की पौल नव्हता. तिच्या मनात देवळामागचं पाळकाचं घर होतं. तिथं तिला पोराजवळ बसून म्हातारं व्हायचं होतं. शांतवन नापास झाला, तर पुण्याच्या लष्करी कचेरीतली कारकुनी त्याची वाट बघत होती. तसं पत्रच आलेलं होतं. एकदा तो गेला की वर्षातून नाताळाला येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे सगळं तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "आमटी वाढू का?"

जेवणानंतर आजोबांनी तोंड धुतलं, उपरण्याला पुसलं आणि जाहीर केलं, "बोट ठिवूया."

आता ही आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी, सांगायला लाज वाटते तरी. मोठा पेच पडला की आजोबा मोठं बायबल मांडीवर घेत, डोळे मिटून उघडत आणि पानावर बोट ठेवत. बोटाखालचं वचन म्हणजे देवाचा निकाल. बोट ठेवणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही, नाहीतर लबाडीचा संशय येतो, असा नियमही त्यांनीच केला होता. आजी होती तोवर आजी वाचून दाखवी. ती गेल्यापासून तेवीस वर्षं राहीकाकू वाचत होती. वडिलांचं लग्न, घराची जागा, आत्याचं बाळंतपण मिरजेला की घरी, माझं 'मार्था' हे नाव, सगळं असंच ठरलं होतं. आश्चर्य म्हणजे वचन दरवेळी प्रसंगाला शोभेल असं निघे. त्यामुळे शास्त्राच्या निर्दोषपणाबद्दल आमच्या घरात तरी शंका उरली नव्हती.

"आजोबा, हे जादूटोण्यासारखं दिसतं," शांतवन म्हणाला.

"तुजं नाव असंच ठिवलंय," आजोबा म्हणाले. "बस खाली."

सगळे चटईवर बसलो. आजोबांनी डोळे मिटले. बायबल उघडलं. बोट पानावर फिरलं आणि थांबलं. राहीकाकू पदर सावरून जवळ सरकली आणि वाकली.

इथं तिच्या मनातलं सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा सगळा भार त्या दोन-तीन क्षणांवर आहे. तेवीस वर्षांत राहीकाकूनं बोटाखालचं वचन जवळजवळ कधीच वाचलं नव्हतं. पहिल्यांदा ते माझ्या आई-वडिलांच्या लग्नाच्या वेळी झालं. बोट पडलं होतं महारोग्यांच्या नियमांवर. आता हे वाचलं तर चांगल्या पोरीचं स्थळ मोडेल, म्हणून तिला पाठ असलेलं रूथेचं वचन तिनं तोंडातून सोडून दिलं, 'तुझे लोक ते माझे लोक.' लग्न ठरलं. मग तिला सवयच लागली. घराच्या वेळी स्तोत्र वाचलं, आत्याच्या वेळी यशया संदेष्ट्याचं वचन. माझ्या नावाच्या वेळी बोट बैलांच्या अर्पणावर होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं आणि मी तिचे पाय धरले. थोडक्यात, लोखंड्यांचं घराणं पाव शतक देवाच्या इच्छेनं चाललं होतं, आणि देवाची इच्छा राहीकाकू ठरवत होती.

आज तर तिला काय वाचायचं ते तोंडातच होतं. बाळ शमुवेलाला आईनं देवळात नेऊन देवाला वाहिलं, ते वचन. तेवढं म्हटलं असतं की आजोबांचा हात उद्या वर गेला असता. तिनं ओठ उघडले. मग तिनं पानाकडे बघितलं आणि सावकाश वाचलं:

"'त्यांचे उंट चारशे पस्तीस आणि गाढवे सहा हजार सातशे वीस होती.'"



"पुन्हा वाच, वहिनी," वडील म्हणाले.

काकूनं पुन्हा वाचलं. गाढवं तेवढीच भरली.

त्यानंतर जे झालं, ते लिहिताना मला आमच्या घराण्याबद्दल ममता वाटते आणि थोडी काळजीही. वडिलांनी पेन्सिल मागितली. त्यांचं म्हणणं असं, की एज्राच्या ग्रंथात ही गुलामीतून घरी परतणाऱ्या लोकांची मोजदाद आहे, तेव्हा अर्थ उघड आहे: शांतवन पुण्याहून घरी परतला, त्याला स्वीकारा. आई म्हणाली, "मग गाढवं कोण?" वडील म्हणाले, गाढवं म्हणजे वडीलमंडळी. आजोबा म्हणाले, गाढवं म्हणजे पुण्याला शिकून आलेले. मी म्हणाले, उंट कमी आणि गाढवं जास्त, यात काहीतरी प्रतीक असावं. शांतवन हसायला लागला तो थांबेना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "अहो, ती गाढवं आहेत. सामान वाहायला आणलेली."

"मासा बी मासाच हाय मग!" आजोबा गरजले आणि बायबल मिटून बाहेर गेले.

संध्याकाळी राहीकाकू मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आजोबा आले आणि न्हाणीच्या दगडावर टेकले.

"राही," ते म्हणाले, "आज खरं वाचलंस."

काकूचा हात सुपात थांबला. "म्हंजी काय, मामंजी?"

"गाढवं कोन मनानं वाचत न्हाई."

मग काकूनं विचारलं, "तुमास्नी कवापास्नं ठावं हाय?"

"हंबीरच्या लग्नापास्नं. माजं बोट हुतं पार सुरवातीला, अन् तू वाचलीस रूथ. रूथ लय लांब हाय तिथनं. पानांची जाडी हाताला कळती की."

"मग बोलला का न्हाई?"

"तू वाचलंस त्ये बी शास्तरातलंच हुतं. अन् सगळ्यांचं भलं झालं." आजोबांनी उपरण्यानं मान पुसली. "अन् मी बोललो असतो, तर तू म्हनली असतीस, मग तुमीच वाचा."

"म्या म्हनले नसते," काकू म्हणाली. "सासूबाईंनी जाताना मला सांगितलं हुतं."

आजोबांनी चटकन वर बघितलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. सगळं बायबल त्यांनी आजीच्या तोंडून ऐकून पाठ केलं होतं, आणि चष्म्याचं घर खिशात घालून सत्तर वर्षांचं वय गाठलं होतं. ही गोष्ट आपल्याबरोबर मातीत जाईल, असं ते धरून चालले होते. तेवीस वर्षं सून त्यांचं गुपित राखत होती आणि ते सुनेचं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच राखतोय.

"आज तर तुज्या पोराचा सवाल हुता," ते म्हणाले. "आजच खरं का वाचलंस?"

"दुसऱ्यासाठी फिरवून वाचताना कवा काय वाटलं न्हाई, मामंजी. आज माज्या पोटासाठी फिरवायचं हुतं. जीभच रेटंना."

"मग उद्या म्या काय करू?"

"त्ये तुमचं तुमी बगा," राहीकाकू म्हणाली. "तेवीस वर्सं म्या सांगितलं. आता दमले." आणि तिनं पुन्हा खडे वेचायला घेतले.

रविवारी देऊळ गच्च भरलं. पुढच्या बाकावर पाच वडील बसले होते. शांतवन समोर उभा होता, नव्या खादीच्या कुडत्यात, घामानं चिंब. बायकांच्या बाजूला राहीकाकूनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी मनगटात रुतत होती. माझे वडील मागच्या खांबाला टेकले होते. 'मी बाहेरच्या मंडळीचा, बोलणार नाही,' असं त्यांनी आईला वचन दिलं होतं. आई तरी बायकांच्या शेवटच्या रांगेत, त्यांचा कोट हाताशी येईल एवढ्या अंतरावर बसली होती.

प्रथेप्रमाणे थोरल्या वडिलांनी लाल पुस्तिकेतून प्रश्न वाचायचा. जुन्या पाळकांनी पुस्तिका आजोबांच्या हातात दिली.

आजोबांना तो प्रश्न पाठ होता. याआधी तीन पाळकांना त्यांनी तो विचारला होता, पान उघडून, नजर बरोबर ओळीवर ठेवून. आजही तसंच करता आलं असतं. त्यांनी पान उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. मग त्यांनी पुस्तिका मिटली.

"मला ह्ये वाचता येत न्हाई," ते म्हणाले.

"चष्मा घरी राहिला का?" आप्पासोंनी विचारलं.

"डोळं बेस हाईत. त्या खिडकीतनं नदीपल्याडची म्हस दिसती मला. अक्षर येत न्हाई. कवाच येत न्हवतं." देवळात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आजोबांचा आवाज नेहमीचाच होता, लांब वाफ्यातल्या माणसाला हाक मारावी तसा. "चाळीस वर्सं अक्षर न् अक्षर म्हनून तुमच्यासंगट भांडलो. त्यातलं एक बी मला वळखता येत न्हाई. मला माज्या बायकुनं वाचून दावलं, मग सुनेनं. त्या सांगतील त्ये मी देवाचं मानलं. आता ह्या पोराला कुन्या तोंडानं इचारू?"

मागं वडील "बाबा!" म्हणून ओरडले. आईनं कोट ओढला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर लोकांना अक्षर शिकवलेल्या माणसाला बापाचं हे ठाऊक नव्हतं.

आप्पासो वाईट माणूस नव्हते. नियमाचे माणूस होते. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "नाथाजीबाबा, कलम आहे. वडिलाला शास्त्र वाचता आलं पाहिजे. तुम्हाला... आता या बाकावर बसता येणार नाही."

"ठावं हाय. पाठ हाय मला त्ये कलम," आजोबा म्हणाले. उठले, उपरणं खांद्यावर घेतलं आणि पुरुषांच्या बाजूला तरटावर जाऊन बसले.

प्रश्न मग आप्पासोंनी वाचला. शांतवन आजोबांकडे बघत होता.

"शास्त्रावाचून मला जगता येणार नाही, हे मी मानतो," तो शेवटी म्हणाला. "पण अक्षर न् अक्षराची हमी मला देता येणार नाही. 'होय' म्हणालो तर खोटं बोलेन."

राहीकाकूनं डोळे मिटले.

"विरोधात?" पाळकांनी विचारलं. आप्पासोंचा हात वर गेला. गुंडाबाचा गेला. "बाजूनं?" नानासो कंपाउंडर आणि मानसिंग हवालदार. दोन नि दोन. मग सगळं देऊळ सवयीनं आजोबांकडे वळलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की तो हात आता नाही.

आमच्या घराण्याला खरं बोलण्याचा मुहूर्त कधी साधलाच नाही. तेवीस वर्षं खोटं वाचून सगळ्यांची घडी नीट बसली होती. आणि चोवीस तासांत आधी सून खरं बोलली, मग सासरा, मग नातू, आणि तिघांनी मिळून पाळकाचं घर हातचं घालवलं. मी काकूच्या कानाशी वाकले. "नाताळाला येईल तो," मी मूर्खासारखं पुटपुटले.

"दोन-दोन," पाळक म्हणाले. "तेव्हा पुढच्या वार्षिक सभेपर्यंत... गुंडाबा, हात खाली घ्या."

गुंडाबा गवंड्याचा हात अजून वरच होता. चुन्यानं कायमच्या पांढऱ्या पडलेल्या त्या हाताकडे त्यानं स्वतःच नवलानं बघितलं.

"घेतो," तो म्हणाला. "पर ह्यो मोजू नगा."

"का?"

"मला बी येत न्हाई."

आप्पासो बाकावरून अर्धे उठले. "काय येत नाही?"

"वाचाया." गुंडाबाचं तोंड घामेजलं होतं. "तुमी म्हनला, पोरगं शास्तर खोटं म्हनतंय, म्हनून हात क्येला. मी कुटं बगितलंय त्यात काय लिवलंय? सगळं कानावरचं. कलम हाय म्हनल्यावर माजा बी हात चालत न्हाई." आणि तो उठून तरटाकडे चालायला लागला.

पाळक आप्पासोंकडे बघत होते. आप्पासो लाल पुस्तिकेकडे. त्यांना वाटलं असतं तर ते म्हणू शकले असते, सभा पुढं ढकला, नवे वडील निवडा. कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी पुस्तिका दोनदा उघडली, दोनदा मिटली. मग कुणी लाकूड उचलायला सांगावं तशा जड आवाजात म्हणाले, "नियमानं... दोनास एक. शांतवन लोखंडे पाळक." आणि खाली बसून त्यांनी तोंड रुमालात धरलं.

राहीकाकू रडली नाही. तिनं माझा हात सोडला आणि पदरानं स्वतःचं मनगट पुसलं, जणू तिथं काही सांडलं होतं. मागं वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तत्त्वतः ही पद्धत चूकच आहे," आणि आईनं आता खराच कोट धरून त्यांना खाली बसवलं.

गुंडाबा तरटापाशी येऊन उभा राहिला. आजोबांनी सरकून त्याला जागा केली. तो मांडी घालून बसला आणि दबक्या आवाजात बोलतोय असं समजून म्हणाला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं, "नाथाजी, तुज्या घरात बायकु हुती, सून हुती. मला कोन न्हवतं. तीस वर्सं म्या निस्ती मान हालीवली."

उत्तर आलं बायकांच्या बाजूनं. उपासना चालू असताना पुरुषांच्या बाजूशी बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि राहीकाकूनं ती त्याआधी कधी मोडली नव्हती.

"गुंडाबा," ती जागेवरूनच म्हणाली, "उद्या दुपारी घरला या. म्या वाचते. काय वाचू, सांगा."

गुंडाबानं मान खाजवली. आजोबांकडे बघितलं, शांतवनकडे बघितलं, पुढच्या मेजावरच्या जाडजूड बायबलाकडे बघितलं.

"पयल्यापास्नं," तो म्हणाला.